सिगरेटच्या मशीनवरची देखरेख

माझ्या सासूबाई माझी नोकरी लोकांना एका वाक्यात सांगतात. ‘आमची सून जर्मनीत सिगरेटच्या मशीनला कुलपं घालते.’ लग्नाकार्यात कोणी विचारलं की हेच. सुरुवातीला मी दुरुस्त करायला जायचे की आई, मी सॉफ्टवेअर तपासते, मशीनमधून सिगरेट काढणारा अठरा वर्षांचा आहे की नाही हे ओळखणारा जो भाग असतो, त्याचं टेस्टिंग करते. मग लक्षात आलं की त्यांचंच वाक्य जास्त बरोबर आहे. आता मीही तसंच सांगते.

इथे स्टुटगार्टमध्ये घरांच्या भिंतींना सिगरेटची मशीन्स टांगलेली असतात, पोस्टाच्या पेटीसारखी. नवीन आले तेव्हा मला धक्काच बसला होता. शाळेच्या वाटेवर हे असं उघड्यावर? पुढे त्याच धंद्यावर पोट भरायला लागले आणि मग कायदा वाचावा लागला. कायदा म्हणतो, रस्त्यावर असं मशीन ठेवायचंच नाही. मग सवलती सुरू होतात. मुलं पोचूच शकणार नाहीत अशी जागा असेल तर चालेल. किंवा मशीनलाच अशी तांत्रिक सोय असेल की अठराखालच्याला त्यातून काही निघणार नाही. किंवा तिथे कोणाची तरी सतत देखरेख असेल. आता ऊन म्हणू नका, बर्फ म्हणू नका, मशीनपाशी कोण उभं राहणार? म्हणून सगळे तांत्रिक सोयच करतात. आधी बँकेचं कार्ड किंवा इथलं ओळखपत्र घालायचं, मग मशीन जागं होतं. हल्ली वेप, म्हणजे वाफेच्या सिगरेटीसुद्धा त्याच मशीनमध्ये असतात. त्यांनाही हाच नियम, आत निकोटिन नसलं तरी. देखरेखीच्या त्या सवलतीकडे आमच्या ऑफिसात कोणी ढुंकूनही बघत नाही. मीही ती विसरून गेले होते.

तर त्या वर्षी पावसाळा संपता संपता आईंचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, ‘ह्यांच्या पायाची रक्तवाहिनी बंद होत चाललीय. डॉक्टरांनी बजावलंय, सिगरेट सुटली नाही तर पाय काढावा लागेल.’

बाबा, म्हणजे माझे सासरे, कॉलेजात असल्यापासून ओढायचे. आमच्यासमोर कधी नाही, सुनेसमोर तर नाहीच. पण जेवण झालं की ते ‘जरा येतो’ म्हणून खाली जायचे आणि वेलदोडा चघळत वर यायचे. आम्ही विचारायचो नाही आणि ते सांगायचे नाहीत. आता पाय जायची वेळ आली तरी सगळं तसंच चाललं होतं. आई नणंदेच्या बाळंतपणात अडकलेल्या, आणि इमारतीच्या फाटकासमोरच टपरी.

नवरा म्हणाला, ‘त्यांना इकडे आणू. व्हिसाचे तीन महिने काढू दे.’ त्याचा हिशेब सरळ होता. आमचं घर टेकडीवर. दुकानं सगळी खाली, मध्ये दगडी पायऱ्या. बाबा थोडं चालले की त्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या, थांबावं लागायचं. म्हणजे त्यांच्या आवाक्यात एकच गोष्ट, आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं मशीन. आणि त्या मशीनला लागणारं कार्ड त्यांच्याकडे नाही. ‘तुझंच तर कुलूप आहे,’ तो म्हणाला. मला जरा मूठभर मांसही चढलं.

नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. लग्नाआधी तोही ओढायचा. सोडलीस तर लग्न, नाहीतर राम राम, असं मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, आणि त्याने सोडली. निदान माझी तशी समजूत होती.

बाबा आले. विमानतळावर आधी मला ओळखलं आणि मग मुलाला. घरात आल्या आल्या बूट काढले, मोजे मात्र ठेवले. पांढरे सुती मोजे, दिवसरात्र. मी दोनचारदा म्हटलं, ‘अहो बाबा, घरात हीटिंग आहे, काढा की मोजे.’ तर म्हणाले, ‘असू दे गं, मला थंडी वाजते.’ मग मी त्यांना मोजेवाले बाबा म्हणून चिडवायला लागले. ते हसायचे. बाहेर जायला त्यांना नवऱ्याचं जुनं निळं जाकीट दिलं. ते दाराशी खुंटीला असायचं, कचरा टाकायला जाताना ज्याला हवं तो घालायचा.

पहिले पंधराएक दिवस वाईट गेले. चहा पाणचट, टीव्हीचा आवाज मोठा, जर्मन ब्रेड म्हणजे वीट. ज्या माणसाने आयुष्यात माझ्या हातच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नाही तो आमटीत मीठ शोधत बसायचा. मी दात ओठ खाऊन गप्प राहायचे, कारण मला कळत होतं की हे बाबा बोलत नाहीत, सिगरेट बोलतेय. मग हळूहळू निवळलं. वेलदोडे चघळत ते माझ्याबरोबर भाजी निवडायला बसू लागले. आईंना मी फोनवर सांगितलं, ‘सुटली हो आई.’ आई म्हणाल्या, ‘तुझ्या तोंडात साखर पडो.’

याच दिवसांत नवऱ्यातही एक सुधारणा झाली. आमच्याकडे केरवोखं असते, म्हणजे इमारतीतल्या प्रत्येक घराने आळीपाळीने आठवडाभर जिना आणि फुटपाथ झाडायचा. दाराला पाटी लटकते, आणि पाटी लटकली की शेजारपाजारचं लक्ष असतं. इतकी वर्षं ती पाटी दिसली की या माणसाची कंबर दुखायची. आता स्वतःहून झाडू घेऊन खाली. कचरा वेगळा, कागद वेगळा, काच वेगळी, आणि प्रत्येकासाठी वेगळी फेरी. मला वाटलं, बाप घरात आल्यावर मुलाला संस्कार आठवले. बाथरूममध्ये आंब्याचा वास यायचा, तो मला नव्या साबणाचा वाटायचा. ऑफिसात मी वेपच्या चवींची यादी रोज बघते, तरी घरी डोक्यात प्रकाश पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका शनिवारी सकाळी रिकाम्या बाटल्या परत करायला निघाले, ते निळं जाकीट अंगावर चढवलं आणि खिशात हात घातला. हाताला पाकीट लागलं. अर्धं संपलेलं. वर काळ्यानिळ्या पडलेल्या पायाचं चित्र.

माझं डोकं असं फिरलं, काय सांगू. बाटल्या तिथेच ठेवल्या, स्वयंपाकघरात गेले. बाबा लसूण सोलत होते. मी पाकीट त्यांच्यासमोर टेबलावर आपटलं आणि म्हटलं, ‘हे जाकिटात सापडलं.’

बाबांनी पाकिटाकडे बघितलं. मग माझ्या अंगातल्या जाकिटाकडे बघितलं. हातातली पाकळी नीट सोलून वाटीत टाकली आणि म्हणाले, ‘माझंच आहे.’

‘अहो, पाय जाईल म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. आई तिकडे देव पाण्यात घालून बसल्यात. मी त्यांना फोनवर सांगतेय सुटली, सुटली. आणि तुम्ही इथे माझ्या नाकावर टिच्चून?’ सासऱ्यांशी मी या आवाजात याआधी कधी बोलले नव्हते. माझाच मला आवाज अनोळखी वाटला, पण थांबता येईना.

‘बरोबर आहे तुझं,’ बाबा म्हणाले, आणि पुढची पाकळी घेतली.

एवढ्यात नवरा बाथरूममधून बाहेर आला. त्याने टेबलावरचं पाकीट बघितलं, माझं तोंड बघितलं, बाबांचं खाली वाकलेलं डोकं बघितलं. मला वाटलं आता हा ओरडणार. तो दाराशी गेला, झाडू घेतला आणि जिना उतरला. त्या आठवड्यात आमची पाळीसुद्धा नव्हती.

राग ओसरल्यावर माझ्यातली टेस्टर जागी झाली. ओढली हे वाईटच, पण काढली कशी? या मशीनला भारतीय पासपोर्ट कळत नाही. कार्डाशिवाय ते बटणाला दाद देत नाही. सत्तरी ओलांडलेल्या, जर्मनचा गंध नसलेल्या माणसाने आमच्या कुलपात फट शोधली असेल तर ती मला माहीत असायलाच हवी. बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘जमलं.’ असं उत्तर टेस्टरला देऊ नये. दुपारी मी म्हटलं, ‘चला, दाखवा.’

मशीन अगदी जवळ, तरी बाबांना वाटेत थांबावं लागलं. कुंपणाला धरून उभे राहिले, पोटरी चोळली, मग परत चालले. मशीनसमोर आल्यावर मी बाजूला उभी राहिले. ‘करा, तेव्हा केलं तसं.’

त्यांनी चष्मा वर केला. मशीन वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक बटण दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं. मग माझ्याकडून नाणी मागून घेतली आणि एकेक करून फटीत टाकली. नाणी खडखडत खालच्या वाटीत परत आली. त्यांनी ती गोळा केली आणि पुन्हा टाकली. पुन्हा परत आली. कार्डाची खाच त्यांच्या नाकासमोर होती, वर कार्डाचं चित्रही होतं, पण तिकडे त्यांचा हात एकदाही गेला नाही.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘या मशीनला तुम्ही आज पहिल्यांदा हात लावताय.’

ते हसले. नाणी माझ्या हातात दिली आणि शेजारच्या दगडी पायरीवर टेकले. मीही बसले. आमच्या घरात मशीनला चालणारी कार्डं दोनच, एक माझं आणि एक नवऱ्याचं. उत्तर इतकं सोपं होतं की मला रडूच यायला लागलं, आणि मग राग, आणि मग परत रडू.

‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

‘आलो त्या दिवसापासून. गाडीत वास आला. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?’

‘मग अंगावर का घेतलंत? मी काय काय बोलले तुम्हाला.’

‘बोललीस ते चुकीचं नव्हतं. पत्ता फक्त चुकला.’ ते थोडा वेळ पोटरी चोळत राहिले. मग म्हणाले, ‘मीही माझ्या वडिलांपासून लपवायचो. लपवून ओढायची म्हटल्यावर किती ओढणार? दिवसाला दोन, फार तर तीन. ते गेले. तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गॅलरीत बसलो आणि उघड पेटवली. कोणाला लपवायचं उरलंच नव्हतं. माझी खरी वाढली ती तिथून. तोंडावर कोणी विचारत नाही, तोवर तो लपवेल. लपवेल तोवर कमी ओढेल. तू त्याला काही विचारू नकोस.’

मी म्हटलं, ‘मला नाही जमणार. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.’

‘मी इथे असेपर्यंत भिजव. मग तू आणि तो.’

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नवीन दिनक्रम सुरू केला. संध्याकाळी स्वेटर, निळं जाकीट, माकडटोपी, बुडाखाली माझी सोफ्यावरची उशी, आणि मशीनशेजारच्या पायरीवर मुक्काम. नवरा एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून उतरून टेकडी चढून यायचा तो नेमका त्याच कोपऱ्यावरून. ‘बाबा, इथे काय करताय?’ ‘हवा खातोय.’ ‘एवढ्या थंडीत?’ ‘पुण्यात कुठे मिळते अशी हवा?’ मग बाबा खिशातून वेलदोडा काढून त्याच्या हातावर ठेवायचे आणि दोघं हळूहळू घरी यायचे. सकाळी कचरा टाकायला आता बाबा जायचे. झाडू नवऱ्याच्या हातात दिसला की बाबा म्हणायचे, ‘चल, मीही येतो, तेवढेच पाय मोकळे होतील.’ शेजारची माणसं येताजाता त्यांना ग्रूस गॉट म्हणायची, बाबा हात जोडून नमस्कार म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी तर त्यांना बसायला जुनं ब्लँकेट आणून दिलं.

एकदा त्यांच्याशेजारी बसले असताना मला ती विसरलेली सवलत आठवली. मी बाबांना कायदा मराठीत सांगितला. तांत्रिक सोय, नाहीतर सतत देखरेख. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा सांगायला लावलं. ‘म्हणजे मी कायदेशीर आहे,’ ते म्हणाले.

‘कायदा अठराखालच्या मुलांसाठी आहे, बाबा. हे मूल बेचाळीसचं आहे.’

‘मशीन अठरापर्यंतच बघतं. म्हणून तर मी बसलोय.’

नवरा चिडचिडा झाला. चहा पाणचट लागायला लागला, आमटीत मीठ कमी. हे सगळं मी याआधी ऐकलं होतं, त्यामुळे मला आतून हसू यायचं. बाथरूममधला आंब्याचा वासही गेला. पण मी काही दुधखुळी नाही. तो दिवसभर ऑफिसात असतो, तिथेही कोपरे आहेत, तिथेही मशीन्स आहेत. कोटाच्या बाहीला कधीकधी वास यायचाच. एकदा मी बाबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, ‘माहीत आहे. तिथे माझा हात पोचत नाही.’ त्या दिवशी पायरीवरून उठताना त्यांना वेळ लागला. मला त्यांच्या पायाचीच भीती वाटत होती, थंडीत बसून तो आणखी दुखावेल की काय याची. त्यांना बहुतेक वेगळीच भीती होती.

आणि बापलेक एकमेकांशी या विषयावर एक अक्षर बोलत नव्हते. तीन महिन्यांत बाबांनी एक सिगरेट ओढली नाही, आणि ओढल्याचा आळ मात्र डोक्यावर घेऊन बसले. नवऱ्याला माहीत होतं की तो आळ खोटा आहे. तोही गप्प. मी आईंजवळ फोनवर तोंड मोकळं केलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, दोघं एकाच मातीचे. ह्यांनी तर तुम्हाला...’ आणि मग एकदम नणंदेचं बाळ उठलं म्हणून फोन ठेवला. बाळाचा आवाज काही मला आला नव्हता.

निघायचा दिवस उजाडला. बॅगा दाराशी, टॅक्सी बोलावलेली. मी बाबांना वाकून नमस्कार केला. ‘सुखी राहा,’ ते म्हणाले, ‘आणि आता बोल हवं तेवढं.’ नवऱ्याने विचारलं, ‘कशाबद्दल?’ मी बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली.

मग तो नमस्काराला पुढे झाला. त्याने वाकायला सुरुवात केली तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘थांब.’ बूट घालायच्या स्टुलावर ते बसले. उजवा पाय गुडघ्यावर घेतला आणि मोजा काढायला लागले. हळूहळू, आधी टाच, मग पाऊल. मी त्यांना तीन महिने त्या मोज्यांवरून चिडवत होते.

करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. तिथे नुसती ताणलेली, गुळगुळीत कातडी होती.

‘उन्हाळ्यात काढली,’ बाबा म्हणाले. ‘तुझ्या आईला मीच म्हटलं, त्याला सांगू नकोस. परदेशात, इतक्या लांब, कशाला जिवाला घोर.’ त्यांनी पाय फरशीवर ठेवला. ‘आता कर नमस्कार.’

नवरा गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हात त्या पायावर ठेवले आणि डोकं टेकवलं. खूप वेळ उठला नाही. त्याची पाठ हलत होती. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तसाच ठेवला.

‘माझी आठ राहिली,’ ते म्हणाले. ‘तुझी दहाच्या दहा राहू देत.’

खाली टॅक्सी येऊन उभी राहिली होती. नवऱ्याने बाहीने डोळे पुसले, जमिनीवरचा मोजा उचलला आणि बाबांचा पाय मांडीवर घेऊन त्यांना तो घातला. लहान मुलाला घालतात तसा, टाच जागेवर बसेपर्यंत.